राखीव: शून्य लिहावे

१

राखीव ओळींना नावे द्यावीत हा आग्रह माझा होता, आणि ती नावेही मीच दिली. पुढे जे घडले त्यात माझा वाटा एवढाच आहे. परंतु तो माझा आहे, आणि तो दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याचा माझा स्वभाव नाही.

माझी लेक एका कंपनीसाठी ड्रायव्हर लिहिते. खालच्या मजल्यावरचे आजोबा अजूनही "मुलगी कोणती गाडी चालवते?" असे विचारतात. संगणकात नवे बोर्ड बसवले की त्याच्याशी कसे बोलावे हे संगणकाला ठाऊक नसते. ते शिकवणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर, हे मी त्यांना दोनदा समजावून सांगितले. तिसऱ्यांदा सांगणार नाही.

ते बोर्ड आमच्या बैठकीतल्या टेबलावर उघडेच पडलेले असे. हिरवे, वहीएवढे, कडेला एक लहानसा पंखा. एका अंगाने ते डिस्क सांभाळणार होते आणि दुसऱ्या अंगाने नेटवर्कशी बोलणार होते. त्याच्या पोटात लहान लहान कप्पे असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. काही कप्प्यांत आकडा लिहिला की बोर्ड काम करते, काहींतला आकडा वाचला की बोर्डाची अवस्था कळते. कोणत्या पत्त्यावर कोणता कप्पा आहे आणि त्यातला प्रत्येक अंश कशासाठी आहे, हे सारे एका फाइलीत निर्दोष मांडणे हे लेकीचे त्या वेळचे काम होते. एक अंक चुकला तर दुसऱ्याच कप्प्यात लिहिले जाते आणि डिस्कवरचा सारा मजकूर नाहीसा होऊ शकतो.

ती महिनोन्महिने घरूनच काम करीत होती. डोळ्यांखाली काळे झाले होते. जेवताना घास हातात धरून ती भिंतीकडे बघत राही.

"मला कुठेतरी जाऊन नुसतं पडावंसं वाटतं, आई," ती एकदा म्हणाली. "जिथे फोन येत नाही, अशा कुठल्यातरी खोलीत."

"माझ्या खोलीत पड."

"तिथे तू येतेस ना," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

२

पडताळणीसाठी तिने माझी मदत मागितली, कारण दमलेल्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही. पद्धत मला नवी नव्हती. शाळेत गुणपत्रके तयार झाली की आम्ही दोन शिक्षिका समोरासमोर बसत असू. एकीने मोठ्याने वाचायचे, दुसरीने आपल्या प्रतीत बघून "आहे" म्हणायचे. "आहे" शब्द आल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचे नाही.

मी बोर्डाचे मॅन्युअल घेऊन वाचू लागले. पत्ता, नाव, अंश, आणि सुरुवातीची किंमत, म्हणजे कप्प्यात आधी असणारा आकडा. ती स्क्रीनकडे बघून म्हणे, "आहे."

दुपारच्या उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत होता. बोर्डाचा पंखा कुरकुरत होता. पानामागून पान उलटत आम्ही शेवटच्या तक्त्याशी आलो, तेव्हा मी पुढची ओळ वाचण्याआधीच ती "आहे, आहे, आहे," असे म्हणून गेली.

"मी अजून वाचलेले नाही."

"अगं, त्या राखीव आहेत. सहाच्या सहा. रिकाम्या असतात, कोणी वापरत नाही."

मॅन्युअलात त्या सहाही ओळींपुढे एकच मजकूर होता. त्याचा अर्थ असा: राखीव. चालू करताना शून्य लिहावे. वाचलेल्या किमतीवर विसंबू नये.

"तुझ्या फाइलीत यांची नावे काय आहेत?"

"राखीव एक, राखीव दोन, राखीव तीन..."

"ही नावे नव्हेत. हे अंगावरचे काम झटकणे आहे. ज्याला पत्ता आहे त्याला नाव हवे."

"बोर्डाला नावाचं काही पडलेलं नसतं गं. त्याला फक्त पत्ता कळतो. नावं आपल्यासाठी असतात."

"मग आपल्यासाठी तरी नीट ठेव."

तिने कपाळ चोळले. "तूच दे. मी टाइप करते. शेवटी काढून टाकीन."

मी इकडे तिकडे पाहिले आणि जे दिसले तेच सांगितले. बैठक. स्वयंपाकघर. न्हाणीघर. मुलांची खोली, म्हणजे लेक-जावयांची. आईची खोली. घर तेवढ्यातच संपले आणि एक ओळ उरली.

"सहावी?"

"मधली खोली," मी म्हणाले. मी लहानाची मोठी झाले त्या घरात एक होती. या घरात नाही.

"आहे," ती म्हणाली, आणि पडताळणी संपली.

३

जावई लिफ्ट दुरुस्त करतो. तो माझाच विद्यार्थी. लग्नाला इतकी वर्षे होऊनही मला "आई" म्हणायला त्याची जीभ वळत नाही. "बाई" म्हणतो आणि मला बघून अजूनही खिशातला हात बाहेर काढतो.

त्या सकाळी तो आंघोळीला गेला होता, मी स्वयंपाकघरात होते आणि लेक चाचणी चालवून बघत होती. चाचणी म्हणजे बोर्डाच्या प्रत्येक कप्प्यात काय आहे ते वाचून स्क्रीनवर नावापुढे दाखवणे.

"राखीवमध्ये कचरा येतोय," ती आतल्या दिशेने ओरडली.

"कचरा?"

"निरर्थक आकडे गं. शून्य यायला हवं."

मी चहा घेऊन बैठकीत आले. मी आयुष्यभर आकड्यांचे रकाने तपासले आहेत. माझी नजर आपोआप रकान्यावरून खाली उतरते. बैठकीपुढे दोन. स्वयंपाकघरापुढे शून्य. न्हाणीघरापुढे एक. दोन्ही खोल्यांपुढे शून्य.

"हे मघाशीही असेच होते?"

"नाही, बैठकीत एक होता, स्वयंपाकघरात एक. सांगितलं ना, कचरा. वाचलेल्या किमतीवर विसंबू नये." तिने कप तोंडाला लावला आणि डोळे मिटले.

न्हाणीघराचे दार वाजले. जावई डोके पुसत आपल्या खोलीत गेला. न्हाणीघर शून्य झाले आणि मुलांची खोली एक झाली.

एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये असे मी मुलांना शिकवीत आले आहे.

रकान्याच्या तळाशी मधली खोली होती. तिच्यापुढे एक होता.

४

दुसऱ्या दिवशी मी प्रयोग केला. मी एकेका खोलीत जाऊन उभी राही आणि जावई बैठकीतून स्क्रीनवरचा आकडा सांगे. त्याला मी कारण सांगितले नव्हते. बाईंनी सांगितले म्हणजे करायचे, एवढी शिस्त त्याच्या अंगात अजून होती.

"आता?"

"आईची खोली एक, बाई."

मी स्वयंपाकघरात गेले.

"स्वयंपाकघर एक. बाई, हा काय खेळ आहे?"

"आणि मधली खोली?"

"एकच. मघापासून एकच आहे. ती हलत नाही."

तो उठून माझ्यामागे स्वयंपाकघरात आला. चेहऱ्यावर हसू होते, परंतु ते विसरून राहिल्यासारखे दिसत होते. "बोर्डात कसलातरी सेन्सर असेल. उष्णतेचा वगैरे."

"भिंतीपलीकडची उष्णता कळते?"

"आमच्या लिफ्टलाही वजन कळतंच की. कधी कधी रिकामी लिफ्ट म्हणते, माणसं जास्त झाली, उतरा." तो थांबला. हे बोलायला नको होते असे त्याला वाटले असावे.

माझे स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. घराच्या मधोमध असे काही असलेच तर तीच. जावयाने कामाच्या पिशवीतून टेप काढून दाराच्या चौकटीत तिची जाडी मोजली. मग बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक करीत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"भरीव आहे," तो म्हणाला. "विटेची साधी भिंत. हिच्यात कपाटसुद्धा बसणार नाही."

"मग झाले तर."

"झालंच," तो म्हणाला. पण टेप गुंडाळून झाल्यावरही त्याने आपला हात भिंतीवर ठेवलेलाच होता. काही वेळाने त्याने तो उचलला आणि पँटला पुसला.

"काय रे?"

"काही नाही. अंगाएवढी गरम आहे. पलीकडून ऊन येत असेल."

पलीकडे माझी खोली आहे. तिला ऊन येत नाही.

५

त्यानंतर लेकीचा चेहरा सुधारू लागला.

प्रथम मला आनंदच झाला. डोळ्यांखालचे काळे फिकट झाले. ती पोटभर जेवू लागली. पूर्वी रागावून फोनवर बोलणारी मुलगी आपल्या साहेबांशी शांतपणे बोलू लागली. घरात मी आणि जावई मात्र दिवसेंदिवस ओढल्यासारखे दिसू लागलो होतो. आम्हा दोघांनाही झोप लागत नव्हती, आणि का लागत नाही ते आम्ही एकमेकांना विचारत नव्हतो.

"दुपारी छान झोप लागली," एकदा ती म्हणाली. गालावर उशीची घडी उमटली होती.

"कुठे झोपलीस?"

"आत."

"आत कुठे? मी तुमच्या खोलीत चादरी बदलत होते."

"मग तुझ्या खोलीत असेन."

"माझ्या खोलीला मी कडी घातली होती, मांजर शिरू नये म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. पाठ केलेली कविता ऐन वेळी आठवू नये तसा तिचा चेहरा झाला. "आत म्हणजे आत, आई. तू पण ना, अगदी उलटतपासणी घेतेस."

ती टेबलाशी जाऊन बसली. मी तिच्या मागे उभी राहून तिच्या केसांवरून हात फिरवला. केस थंड होते, आणि त्यांना बंद राहिलेल्या खोलीचा वास येत होता. मग माझे लक्ष स्क्रीनकडे गेले.

मधली खोली, दोन.

बैठकीपुढे एक होता. बैठकीत आम्ही दोघी होतो.

मी स्वतःला समजावले की आकडा उशिरा बदलत असेल. मी तिथेच उभी राहिले. जितका वेळ उभे राहणे शक्य होते तितका वेळ राहिले. आकडा बदलला नाही.

"तुझे बोर्ड चुकते आहे," मी शेवटी म्हणाले.

"राखीव आहे ते. विसंबू नये," ती म्हणाली, आणि टाइप करीत राहिली.

६

साहेबांचा फोन आला. संध्याकाळी ते कंपनीतून नेटवर्कवरूनच आमच्या घरच्या बोर्डावर पुरा ड्रायव्हर चालवून बघणार होते. त्याआधी लेकीने उरलेले काम संपवायचे होते. उरलेले काम म्हणजे एकच होते: ड्रायव्हर सुरू होताच सहाही राखीव कप्प्यांत शून्य लिहिणारी ओळ. फोन ठेवून ती म्हणाली, "जरा डोळे मिटते. मग तेवढं करून टाकते."

मी स्वयंपाकघरात गेले. दुपार टळून गेली होती. नळ बंद होता, शेगडी बंद होती. मी धुतलेली भांडी पुसून लावत होते. भांड्याला भांडे लागणार नाही इतक्या हळू का लावत होते, ते मला तेव्हा कळले नाही.

भिंतीतून कोणीतरी वाचत होते.

आवाज बायकी नव्हता आणि पुरुषीही नव्हता. तो फार दमलेला होता. एका लयीत, प्रत्येक शब्दानंतर थांबत, मी जशी वाचते तसा तो वाचत होता.

"बैठक."

"आहे," माझ्या लेकीचा आवाज म्हणाला.

"स्वयंपाकघर."

"आहे."

"न्हाणीघर."

"आहे."

"मुलांची खोली."

"आहे."

"आईची खोली."

यावर उत्तर आले नाही. माझ्या हातात ताट होते. त्याच्या कडेने माझे बोट कापले जात होते, तरी पकड सैल करणे मला सुचले नाही. उत्तराशिवाय पुढच्या ओळीवर जायचे नाही, हे त्या आवाजालाही ठाऊक होते. तो थांबला. मग तेच पुन्हा त्याच लयीत म्हणाला.

"आईची खोली. राखीव. शून्य लिहावे."

"नको," लेक म्हणाली. "तिथे माणूस आहे."

मी बैठकीत धावले. या वयात धावणे म्हणजे काय ते मी जाणते, तरी धावले. लेक खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती. मान एका बाजूला कलली होती. ओठ घट्ट मिटलेले होते. छाती वर-खाली होत होती. मी तिच्या तोंडापुढे तळहात धरला. श्वास येत होता, परंतु उंबऱ्यातून येणाऱ्या झुळकेसारखा गार.

स्क्रीनवर बैठकीपुढे एक होता. मी मागे सरत सरत दाराबाहेर गेले आणि तिथून मान वळवून पाहिले.

बैठक, शून्य. मधली खोली, दोन.

त्या खुर्चीत माझी मुलगी मला स्पष्ट दिसत होती.

७

मी परत आत गेले तेव्हा तिने डोळे उघडले होते. बोटे टाइप करू लागली होती.

"झालंच," ती म्हणाली. "एवढी ओळ आली की सुटलो."

"थांब."

"साहेब वाट बघतायत, आई."

"शून्य लिहू नकोस."

"राखीव कप्प्यांत शून्य लिहायचं असतं. नियम आहे." ती दमून हसली. "आणि नियम म्हणजे नियम, हे मला कोणी शिकवलं?"

मी शिकवले होते. तिला, जावयाला, आणि त्यांच्या आधी बसून गेलेल्या कितीतरी मुलांना. नियमाला अपवाद मागणाऱ्याला मी बाकावर उभे करीत असे. तिचे बोट कळेवर होते. माझ्याजवळ पुरावा नव्हता, उपपत्ती नव्हती. विसंबू नये असे जिच्यापुढे छापले आहे अशी एक किंमत तेवढी होती.

"नको," मी म्हणाले. "तिथे माणूस आहे."

तिचे बोट कळेवरून उचलले गेले. तिने माझ्याकडे इतक्या सावकाश पाहिले, की जणू फार लांबून मान वळवावी लागली.

"हे तू कुठे ऐकलंस?"

"स्वयंपाकघरात."

मग मला जे विचारायचे होते ते न विचारता मी भलतेच विचारले. आया असेच करतात. "तिथे बरे वाटते का गं तुला?"

"शांत असतं."

"एकटी असतेस?"

तिने मान हलवली. नाही.

"मग बाहेर ये. मी बोलावते आहे."

"येईन की," ती म्हणाली. लहानपणी खेळातून उठायचे नसले की ती अशीच म्हणे. "जरा पडते अजून."

जावई आला तेव्हा आम्ही दोघी तशाच बसलो होतो. मी त्याला सारे सांगितले. एरवी तो हसला असता. तो स्क्रीनपाशी गेला, बैठकीत किती माणसे आहेत ते मनाशी मोजले, मग बैठकीपुढचा आकडा वाचला. बायकोच्या पायाशी जमिनीवर बसून त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"बाई," तो म्हणाला, "लिफ्टमध्ये माणूस अडकला ना, तर आम्ही पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कोणालाही बटण दाबू देत नाही."

"मग तसेच करायचे."

साहेबांचा फोन आला तो लेकीनेच स्पीकरवर ठेवला. ती ओळ का नाही असे त्यांनी विचारले. "ते कप्पे वापरात आहेत, सर," ती म्हणाली. "रिकामे केले तर आतलं जाईल." मॅन्युअलात तसे नाही, असे ते म्हणाले. मग उसासा टाकल्याचे ऐकू आले. तेही दमलेले होते. "डिस्क चालते, नेटवर्क चालतं, मग राहू दे. वर एक टीप लिहून ठेव, नंतर कोणी हात लावायला नको. आणि ते बोर्ड तुझ्याकडेच राहू दे."

ठरले ते असे. सहापैकी एकाही राखीव कप्प्यात शून्य लिहायचे नाही. आमच्या घरातून नाही, कंपनीतूनही नाही. बोर्डाची वीज तुटू द्यायची नाही. त्यासाठी जावयाने लिफ्टची एक जुनी बॅटरी टेबलाखाली आणून जोडली. नावे आता काढायची नाहीत. आणि मी रोज दुपारी भिंतीपाशी खुर्ची घेऊन बसायचे आणि लेकीला हाक मारायची. ती येईपर्यंत रोज.

ड्रायव्हर कंपनीकडे गेला. तो त्या जातीच्या प्रत्येक बोर्डाबरोबर जाईल, आणि त्याच्यासोबत मी दिलेली नावेही जातील. कोणाकोणाच्या घरी, ते मला ठाऊक नाही.

सर्वांचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणतीही सभा संपवायची नाही अशी माझी रीत आहे. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही तिघे टेबलाशी बसलेलो असताना मी विचारले, "हे सर्वांना मान्य आहे ना?"

"हो, बाई," जावई म्हणाला.

साहेबांनी आधीच मान्य केले होते. समोर बसलेल्या लेकीने माझ्याकडे बघून मान डोलावली. बोलली मात्र नाही.

"तोंडाने सांग," मी म्हणाले.

तिचे ओठ मिटलेलेच राहिले. स्वयंपाकघराच्या बाजूने, भिंतीतून, तिच्या आवाजात उत्तर आले, "आहे."

आणि जरा थांबून, त्या दुसऱ्या दमलेल्या आवाजातही, "आहे."